जीव निवाला!

मकरपुऱ्यास गायकवाडांचा जुना उन्हाळी राजवाडा आहे. आता तेथे हवाई दल असते. आपल्या या तापल्या मुलखात गारवा हेच सुख, म्हणून आपला जीव निवतो, डोळे निवतात. थंड हवेच्या इंग्लंडात मात्र ‘वॉर्म’ म्हणजे जिव्हाळा आणि ‘कोल्ड’ म्हणजे दुरावा. पडशालाही तेथे ‘कोल्ड’च म्हणतात. ‘कूल’ची तऱ्हा तर तिसरीच! गार, शांत, अलिप्त आणि अलीकडे ‘झकास’, हे सारे अर्थ त्याचेच. आजीच्या हातचे पन्हे पिऊन नातू ‘कूल’ म्हणतो, तेव्हा पन्हे गार आहे एवढेच तिला कळते. कौतुक वाटेतच राहते. बाळांनो, आमचे एवढे ऐका. इंग्रजी जरूर शिका. पण आजीला म्हणा, ‘जीव निवाला!’ तिचाही निवेल.