कसोटीबाहेरचे दागिने

सराफी पेढीवर दागिना आला की आधी कसोटीचा दगड पुढे येतो, मागून तराजू. कस आणि वजन कळले की मोल ठरते. दुसऱ्या महायुद्धात पोलंडमधील लॉड्झ येथे मात्र असे काही दागिने घडले की त्यांच्यापुढे हे दोन्ही निकष थिटे पडावेत.

लॉड्झ हे कापडगिरण्यांचे आणि उदीम-व्यापाराचे शहर. मे १९४० मध्ये नाझी राजवटीने तेथील सुमारे १ लाख ६० हजार ज्यूंना कुंपण व काटेरी तारांमागे कोंडले. अशा बंदिस्त वस्तीला ‘घेट्टो’ म्हणत. त्यांच्याजवळचे सोनेनाणे काढून घेऊन हाती दिले गेले ते केवळ वस्तीपुरते चलन. पुढे १९४३ साली हलक्या धातूची नाणीही पाडली गेली. कुंपणापलीकडे त्यांना कवडीचे मोल नव्हते.

कारखान्यांत दिवसभर राबावे तेव्हा पातळ सूप आणि मोजका पाव मिळे. भूक व रोगराईने चाळीस हजारांहून अधिक माणसे वस्तीतच दगावली. त्याच वस्तीत धातुकाम जाणणारे काही कारागीर साध्या धातूच्या तुकड्यांतून अंगठ्या, पदके आणि छातीवर लावायच्या पिना घडवीत. त्यांवर आद्याक्षरे, साल आणि बरेचदा एक लाकडी पूल कोरलेला असे. वस्तीला दुभागणाऱ्या रस्त्यांवरून शहराची ट्राम धावे. ज्यूंना तो रस्ता ओलांडायला असे पूल बांधलेले होते. एखाद्या पदकाला तर शिधापत्रिकेचाच आकार दिलेला असे. फुलवेलींऐवजी नक्षी झाली ती रोजच्या यातनेची.

ऑगस्ट १९४४ मध्ये उरलेल्या बहुतेकांना ऑशविट्झच्या मृत्युछावणीकडे नेण्यात आले. वाचलेल्या काही वस्तू आज जेरुसलेमच्या याद वाशेम स्मारकात व वॉशिंग्टनच्या संग्रहालयात जपल्या आहेत.

दानाचा विचार करताना आपली दृष्टी सहसा देणाऱ्याच्या तिजोरीकडे जाते. येथे तिजोरी लुटली गेली होती, उद्याच्या भाकरीचाही भरवसा नव्हता. तरीही कोणी कोणासाठी काही घडवून देत होते. त्या पिनेवरील दोन अक्षरे एवढेच सांगतात, की क्रमांक बनवून टाकलेल्या त्या माणसाला नाव होते आणि ते कोरून ठेवावे असे कोणाला तरी वाटले होते.