मुलाची पोटगी हे आईचे उत्पन्न नाही!

एकट्या आयांच्या निराधार अनुदानाआड येणाऱ्या हिशेबाविरुद्ध जाहीर पत्रक



नवऱ्याने टाकलेली, घटस्फोट झालेली किंवा मारहाणीला कंटाळून लेकरांसह घराबाहेर पडलेली बाई आपल्या प्रत्येक गावात आणि प्रत्येक वस्तीत आहे. १९८८ साली संगमनेरला परित्यक्ता स्त्रियांची परिषद भरली, तेव्हा हा प्रश्न महाराष्ट्रासमोर उघडपणे आला. २०११ च्या जनगणनेत देशातल्या विभक्त राहणाऱ्या स्त्रियांची संख्या घटस्फोटित स्त्रियांच्या दुपटीहून जास्त निघाली. म्हणजे बहुतेकींच्या हातात घटस्फोटाचा कागदसुद्धा नाही. हातात आहेत ती फक्त मुले.

अशा बाईला कायद्याने दोन दारे दाखवली आहेत. एक कोर्टाचे, तिथे नवऱ्याकडून पोटगी मागायची. दुसरे तहसील कचेरीचे, तिथे संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज करायचा. कोर्टात नवऱ्याची बाजू म्हणते, हिला सरकारी अनुदान आहे, पोटगी कमी करा. तहसिलीत विचारतात, तुला पोटगी लागू झाली ना, मग तू निराधार कशी? आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी तिची गत होते आणि शाळेत जाणारे पोर उपाशी राहते.

हे थांबले पाहिजे. ते कसे थांबवता येईल, हे सांगण्यासाठी हे पत्रक आहे.

नियम काय म्हणतो

घटस्फोट झालेली किंवा घटस्फोटाच्या प्रक्रियेत असलेली, पोटगी मिळत नसलेली अथवा योजनेच्या उत्पन्न मर्यादेपेक्षा कमी पोटगी मिळणारी स्त्री निराधार योजनेला पात्र आहे. कुटुंबाचे नाव दारिद्र्यरेषेखालील यादीत असावे किंवा त्याचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे, अशी अट आहे. अनुदान आहे महिना १,५०० रुपये.

वर्षाला २१,००० म्हणजे महिन्याला १,७५०. दोन माणसांच्या घरात हा आकडा माणशी दिवसाला तीस रुपयांच्याही खाली जातो. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. त्या दराने ६८ दिवस माती उचलली की बाईने मर्यादा ओलांडली. केंद्राच्या कायद्याने ज्या १०० दिवसांची हमी दिली होती, ते पुरे भरले तर ३१,२०० रुपये होतात. एका कायद्याने दिलेले काम पूर्ण केले, तर दुसऱ्या योजनेतून नाव कमी व्हायची पाळी! त्यामुळे गरिबाला खोट्या दाखल्याच्या मागे लागावे लागते. दाखला देणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाही हे माहीत असते. लोकांना खोटे बोलायला लावणारी अट राज्याने कशासाठी जपून ठेवली आहे?

आता पोटगीचा हिशेब पाहा

समजा, कोर्टाने आईला १,५०० आणि मुलीला १,५०० अशी पोटगी ठरवली. वर्षाची बेरीज ३६,००० होते. कुटुंबाचे उत्पन्न म्हणून सगळी बेरीज धरली, तर आई अपात्र. त्यातले मुलीचे १८,००० बाजूला ठेवले, तर आईच्या नावावर १८,००० उरतात आणि ती पात्र ठरते. आई तीच, मुलगी तीच, चूलही तीच. फरक पडला तो फक्त मुलीचा पैसा कोणाच्या खात्यात मोजला यामुळे.

तो पैसा आहे कोणाचा? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ पाहा. हेच पूर्वीचे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५. त्यात पत्नीचा हक्क वेगळा आणि अल्पवयीन अपत्याचा हक्क वेगळा सांगितला आहे. आईबापांचे लग्न झालेले असो वा नसो, मुलाचा हक्क कायम राहतो. आई मुलाच्या वतीने कोर्टात उभी राहते, पैसा मात्र मुलाच्या दुधाचा, वह्यांचा आणि औषधांचा असतो. जे मुलाचे आहे ते आईच्या उत्पन्नात धरून तिचे अनुदान बंद करणे म्हणजे बापाने दिलेला घास राज्याने आईच्या ताटातून वसूल करणे. बापाने कर्तव्य केल्याची शिक्षा आईला का?

कागदावरची पोटगी हे कोणाचेच उत्पन्न नाही

आदेश झाला म्हणजे पैसे आले, असे कोणाला वाटत असेल तर त्याने कौटुंबिक न्यायालयाच्या आवारात एक दिवस बसावे. अंतरिम पोटगीचा अर्ज शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असे कायदा सांगतो. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून सुरू झालेल्या ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या प्रकरणात अर्ज २०१३ सालचा होता आणि अंतरिम आदेश ऑगस्ट २०१५ मध्ये झाला. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल नोव्हेंबर २०२० मध्ये लागला. त्या निकालाने देशभरासाठी दंडक घातला की पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी आणि दोन्ही बाजूंनी मिळकतीची माहिती शपथपत्रावर द्यावी. चांगला निकाल आहे. पण अर्ज करताना पहिलीत असलेले मूल एवढ्या काळात आठवीत जाते.

आदेशानंतर वसुलीची लढाई सुरू होते. थकलेल्या रकमेसाठी वेगळा अर्ज करावा लागतो, तोही रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत. मग वॉरंट निघते. नवरा पत्ता बदलतो, गाव सोडतो, कामावरून निघून जातो. थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. कैद भोगली म्हणून देणे फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच स्पष्ट केले आहे. तरी कैदेने मुलाच्या ताटात भाकरी येत नाही.

निराधार योजनेच्या नियमात शब्द आहे पोटगी ‘मिळणारी’ स्त्री. ‘पोटगीचा आदेश झालेली’ असे तिथे कुठेही लिहिलेले नाही. मग बाई अर्ज घेऊन आली की तिच्या पासबुकात काय जमा झाले ते पाहा. कोर्टाच्या आदेशात काय लिहिले आहे त्यावरून तिला श्रीमंत ठरवू नका. आदेशाची प्रत दाखवणे सोपे असते. न मिळालेले पैसे तिने कसे दाखवायचे?

‘लाडकी बहीण’ आहे ना!

असे आम्हाला हमखास ऐकवले जाते, म्हणून उत्तर देतो. २०२४ मध्ये आलेल्या या योजनेत वार्षिक अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या स्त्रीला महिना १,५०० रुपये मिळतात. ते मिळालेच पाहिजेत, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण अडीच लाखांची मर्यादा म्हणजे महिन्याला २०,८०० रुपयांहून जास्त. एका योजनेत महिन्याला जेवढे उत्पन्न चालते, जवळपास तेवढेच दुसऱ्या योजनेत वर्षाला चालते. आणि दुसरी योजना ‘निराधार’ नावाची आहे!

दुसऱ्या सरकारी योजनेतून महिना १,५०० घेणारी स्त्री लाडकी बहीण होऊ शकत नाही. म्हणजे एकटी आई कोणत्याही दाराने आत गेली तरी तिला १,५००च. कमावता नवरा घरात असलेल्या बाईला जेवढे, तेवढेच एकटीने पोरे वाढवणारीला. एकटेपणाचा भार राज्याच्या हिशेबात शून्य धरला गेला आहे.

दुसऱ्यांनी काय केले

ब्रिटनमध्ये पूर्वी मुलाच्या पोटगीतली ठरावीक रक्कम सोडून बाकीची आईच्या सरकारी भत्त्यातून कापून घेत. एप्रिल २०१० पासून ही कपात पूर्ण बंद झाली. तिथे मुलासाठी आलेली पोटगी भत्त्याच्या हिशेबात धरत नाहीत. जर्मनीत बापाने पोटगी थकवली, तर सरकार ठरलेली रक्कम आगाऊ देते आणि ती बापाकडून स्वतः वसूल करते. २०१७ पासून तिथे मूल १८ वर्षांचे होईपर्यंत ही मदत मिळते. अमेरिकेत उलटा कारभार चालतो. रोख मदत घेणाऱ्या आईला पोटगीचा हक्क सरकारकडे सोपवावा लागतो आणि अनेक राज्ये ती रक्कम स्वतःकडे ठेवून घेतात. मुलांच्या नावाने बापाने भरलेला पैसा तिथे सरकारी तिजोरीत जातो. कोणत्या वाटेने जायचे, हे महाराष्ट्राने ठरवायचे आहे.

‘मग बायका दोन्हीकडून घेतील’

होय, घेतील, आणि घ्यावेच. घरभाडे, रॉकेल-गॅस, शाळेचा खर्च आणि दवाखाना हे सगळे दोन्ही मिळूनही भागत नाही. श्रीमंत नवऱ्याची बायको निराधार योजनेच्या रांगेत येत नाही. रांगेत येते ती ऊसतोड मजुराची, हमालाची, रिक्षावाल्याची टाकलेली बायको. त्या नवऱ्यांतल्या अनेकांची कमाईही तुटपुंजी असते, हे आम्ही मान्य करतो. म्हणूनच सगळा भार पोटगीवर टाकून राज्याला हात झटकता येणार नाहीत.

आमच्या मागण्या

१. मुलाच्या नावे ठरलेली पोटगी कोणत्याही सामाजिक सहाय्य योजनेत आईच्या किंवा कुटुंबाच्या उत्पन्नात धरू नये. तसा स्पष्ट शासन निर्णय काढावा.

२. आईची स्वतःची पोटगी धरायचीच असेल, तर मागच्या वर्षात प्रत्यक्ष बँकेत जमा झालेली रक्कम तेवढीच धरावी. पोटगी न मिळाल्याबद्दल पासबुक आणि स्वयंघोषणापत्र पुरावा म्हणून पुरेसे मानावे.

३. २१,००० ची मर्यादा रद्द करावी. दिव्यांगांसाठी याच योजनेत ती ५०,००० आहे, म्हणजे मर्यादा वेगळी ठेवता येते हे सरकारला ठाऊक आहे. एकट्या आयांसाठी ती लाडकी बहीण योजनेइतकी करावी.

४. थकलेली पोटगी राज्याने आगाऊ द्यावी आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी नवऱ्याकडून वसूल करावी. तलाठी ते जिल्हाधिकारी ही यंत्रणा सरकारजवळ तयार आहे. ती एकट्या बाईजवळ नाही.

५. एकल पालकांच्या मुलांसाठी बालसंगोपन योजनेत महिना २,२५० रुपये आहेत. निराधार योजनेचा अर्ज येईल त्याच दिवशी तहसील कचेरीने हा अर्जही भरून घ्यावा.

आजच काय करायचे

पोटगीचा अर्ज करताना आईची रक्कम आणि प्रत्येक मुलाची रक्कम वेगवेगळी लिहून मागा. पोटगी बँक खात्यातच जमा व्हावी, असा आग्रह धरा. थकबाकीची वर्षाची मुदत चुकवू नका. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा, स्त्रियांना आणि मुलांना तिथे मोफत वकील मिळतो. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा, तोंडी नकारावर घरी परतू नका. ग्रामसभेत या पत्रकातल्या मागण्यांचा ठराव मांडा आणि आमदाराकडे तो विधिमंडळात मांडण्याची मागणी करा.

हा प्रश्न दयेचा नाही, हिशेबाचा आहे. जो हिशेब मुलाच्या तोंडचा घास आईची श्रीमंती म्हणून मोजतो तो चुकीचा आहे, आणि तो सरकारला एका शासन निर्णयाने दुरुस्त करता येतो. तो निर्णय निघेपर्यंत प्रत्येक तहसील कचेरीत, प्रत्येक ग्रामसभेत आणि प्रत्येक उमेदवाराच्या प्रचारसभेत आपण एकच प्रश्न विचारायचा: मुलाची पोटगी आईच्या उत्पन्नातून कधी वगळणार?

एकट्या आया आणि त्यांच्या बाजूने उभे असलेले सगळे