दूरचित्रवाणी संचांच्या कारखान्याने खेळाच्या बाजारात उतरावे काय?

मराठवाड्यात कारखानदारी म्हटली की साखर कारखाना आणि सूतगिरणी एवढेच डोळ्यांपुढे येण्याचा एक काळ होता. १९८० च्या दशकात हे चित्र पालटू लागले. १९८२ साली भारतात रंगीत प्रक्षेपण सुरू झाले, दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धा लोकांनी रंगीत पाहिल्या, आणि त्याच दशकात धूत कुटुंबाच्या व्हिडिओकॉन कंपनीने जपानच्या तोशिबा कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने रंगीत दूरचित्रवाणी संच बनविण्यास आरंभ केला. तेव्हाच्या औरंगाबादपासून जवळ, पैठण रस्त्यावरील चितेगाव येथील तिचा कारखाना हे या भागातील शिकलेल्या तरुणांच्या आशेचे एक ठिकाण होते. ६ जून २०१८ रोजी हीच कंपनी दिवाळखोरीच्या कायद्याखालील प्रक्रियेत गेली. समूहातील कंपन्यांवरील सुमारे ६४,८०० कोटी रुपयांचे दावे मान्य झाले आणि २०२१ साली त्यांच्यासाठी मंजूर झालेला देकार होता सुमारे २,९६२ कोटी रुपयांचा. २०२२ च्या जानेवारीत अपील न्यायाधिकरणाने ती मंजुरीही रद्द केली.

हा इतिहास ताजा असताना एखाद्या भारतीय दूरचित्रवाणी उत्पादकाने व्हिडिओ गेमच्या क्षेत्रात उतरावे काय, हा प्रश्न काहींना अप्रस्तुत वाटेल. वस्तुतः तो याच इतिहासामुळे प्रस्तुत ठरतो. आपल्याकडील दूरचित्रवाणी उद्योग आज बव्हंशी आयात पडद्यांच्या जुळणीचा धंदा झाला आहे. जुळणीत नफा तुटपुंजा असतो, स्पर्धा जीवघेणी असते आणि म्हणून कारखानदाराची नजर दुसऱ्या क्षेत्राकडे वळणे स्वाभाविक आहे. खेळणारा तरुण वर्ग देशात आहे, पडदा कारखान्यात आहे, विक्रेत्यांचे जाळे तालुक्यापर्यंत आहे. मग उशीर कशाचा, असे विचारले जाते. या युक्तिवादात तथ्य नाही असे नाही. परंतु तो अर्धाच आहे.

जपान आणि युरोपचा धडा

घरगुती खेळयंत्राचा जन्मच मुळी दूरचित्रवाणीच्या कारखान्यात झाला. अमेरिकेतील मॅग्नाव्हॉक्स या संच बनविणाऱ्या कंपनीने १९७२ साली ‘ओडिसी’ हे पहिले घरगुती यंत्र बाजारात आणले. १९७७ साली आरसीए या मातबर कंपनीने ‘स्टुडिओ २’ आणले आणि अल्पावधीतच बंद केले. फिलिप्सने १९९१ साली ‘सीडी-आय’ आणले. तेही रुजले नाही. १९९३ साली पॅनासोनिकने ‘थ्रीडीओ’ जातीचे यंत्र ६९९ डॉलरला विकावयास काढले आणि ग्राहकांनी पाठ फिरवली. यांपैकी कोणत्याही कंपनीस विद्युतयंत्रे बनविता येत नव्हती असे म्हणणे हास्यास्पद होईल. अपयशाचे कारण कारखान्याबाहेर होते.

पॅनासोनिकचे उदाहरण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने विशेष अभ्यासावे असे आहे. थ्रीडीओच्या व्यवस्थेत यंत्र एकाने बनवायचे आणि खेळांवरील स्वामित्वधन दुसऱ्याने घ्यायचे अशी विभागणी होती. साहजिकच यंत्र बनविणाऱ्यास आपला सारा नफा यंत्राच्या किमतीतूनच काढणे भाग पडले आणि किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेली. याउलट या धंद्याची खरी रीत अशी, की यंत्र खर्चाच्या आसपास, प्रसंगी तोट्यातही विकावे आणि पुढील काही वर्षे प्रत्येक खेळाच्या विक्रीतून तो तोटा भरून काढावा. मायक्रोसॉफ्टच्या एका अधिकारी स्त्रीने २०२१ साली अमेरिकन न्यायालयात साक्ष देताना, एक्सबॉक्स यंत्राच्या विक्रीवर कंपनीने कधीही नफा मिळविलेला नाही, असे सांगितले होते.

बीड जिल्ह्यातील वाचकास हा व्यवहार परका वाटू नये. साखर कारखाना हंगामापूर्वी मुकादमामार्फत ऊसतोड टोळीला उचल देतो आणि हंगामात तोडलेल्या उसातून ती वसूल करतो. खेळयंत्राचा उत्पादक ग्राहकास अशीच एक उचल देत असतो. फरक एवढाच, की येथे वसुलीची हमी देणारा मुकादम नाही. ग्राहकाने यंत्र घेतले आणि खेळ विकत घेतले नाहीत, तर उचल बुडाली.

सोनी कंपनीस हे उमगले होते. १९९१ साली निंटेंडोने तिच्याशी केलेली भागीदारी झिडकारून फिलिप्सशी संधान बांधले, तेव्हा त्या क्षेत्रातून निघून जाणे सोपे होते. केन कुतारागी या अभियंत्याने आग्रह धरला आणि १९९३ साली सोनी व तिच्याच संगीत शाखेने मिळून स्वतंत्र कंपनी काढली. ‘प्लेस्टेशन’ ३ डिसेंबर १९९४ रोजी जपानमध्ये विक्रीस आले. संगीताच्या धंद्यातील अनुभव येथे कामी आला, कारण कलावंताशी करार कसा करावा आणि तबकडी मागणीनुसार कशी छापावी, हे संगीताच्या व्यापाऱ्यास ठाऊक असते. महाग कार्ट्रिजऐवजी स्वस्त सीडी वापरल्याने खेळ बनविणाऱ्यांचा धोका घटला आणि ते सोनीकडे वळले. पुढच्या ‘प्लेस्टेशन २’ ची विक्री १५ कोटींच्या वर गेली. तात्पर्य, दूरचित्रवाणीचा उत्पादक येथे यशस्वी झाला खरा. परंतु तो खेळ निर्माण करणाऱ्यांचा आश्रयदाता झाला, तेव्हाच.

आपल्याकडील बाजार

भारतात हे गणित कसे बसते? १९९० च्या दशकात आपल्या शहरांतून जी यंत्रे ‘टीव्ही गेम’ या नावाने विकली गेली, ती बहुतांशी निंटेंडोच्या यंत्राच्या नकला होत्या. एकाच ‘कॅसेट’मध्ये अनेक खेळ भरलेले असत आणि त्यांपैकी एकाचाही मोबदला मूळ निर्मात्यास मिळत नसे. मुलांची करमणूक झाली, दुकानदारास चार पैसे मिळाले; परंतु ज्या उत्पन्नावर हा धंदा जगतो, तो झराच आटलेला राहिला. तेव्हा एखाद्या भारतीय कंपनीने तोट्यात यंत्र विकले असते, तर तो तोटा भरून निघण्याचा मार्गच नव्हता.

आज खेळ आंतरजालावरून थेट विकले जातात; नकलेचा धोका घटला आहे. परंतु दुसरी अडचण उभी राहिली आहे. प्लेस्टेशनची पाचवी आवृत्ती २ फेब्रुवारी २०२१ रोजी भारतात आली तेव्हा तिची किंमत ४९,९९० रुपये होती. ज्या जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसे कोयता घेऊन परजिल्ह्यांत जातात, तेथील किती घरांत ही खरेदी संभवते, हे सांगण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि खेळणारा तरुण भ्रमणध्वनीकडे गेला. त्याच्या खिशात यंत्र आहेच. दुसरे तो कशासाठी घेईल?

यावर एक उत्तर असे दिले जाते, की वेगळे यंत्र नको, दूरचित्रवाणी संचातच खेळाची सोय करावी. सॅमसंगने २०२२ पासून आपल्या संचांत अशी सोय दिली आहे. कल्पना चांगली आहे. मात्र सॅमसंगच्या संचातील कार्यप्रणाली तिची स्वतःची आहे. आपल्याकडील बहुतेक देशी नाममुद्रांचे संच परकीय कार्यप्रणालीवर चालतात. ज्याची प्रणाली त्याचा जकातनाका, हा या व्यापाराचा नियम आहे. केवळ जुळणी करणाऱ्याच्या हाती येथेही जुळणीची मजुरीच उरेल.

मग मार्ग कोणता?

व्हिडिओकॉनच्या ऱ्हासाकडे पाहून ‘नवे क्षेत्र नको’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. २००५ साली तिने फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा चित्रनलिकांचा व्यवसाय घेतला आणि थोड्याच वर्षांत सपाट पडद्याने चित्रनलिका कालबाह्य केली. २००८ साली दूरसंचाराचे परवाने घेतले. २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलेल्या १२२ परवान्यांत तेही गेले. ज्यावर आपले नियंत्रण नाही अशा क्षेत्रांत प्रचंड कर्ज काढून एकामागून एक उतरणे, हा या कथेचा सारांश आहे. आणि ते कर्ज बव्हंशी बँकांचे, म्हणजे अंतिमतः ठेवीदारांचे होते. शिक्षक आणि कारकून यांच्या बचतीशी या प्रश्नाचा संबंध आहे तो असा.

म्हणून देशी उत्पादकाने खेळयंत्राच्या बाजारात कर्जाच्या बळावर उतरू नये. उतरावयाचेच असेल तर खेळाच्या बाजूने उतरावे. हे क्षेत्र भांडवलापेक्षा बुद्धीवर चालते आणि महाराष्ट्रात त्याचा पाया घातला गेला आहे. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने केलेला ‘राजी’ हा खेळ २०२० साली निंटेंडोच्या यंत्रावर जगभर गेला. त्याची कथा आणि चित्रशैली दोन्ही भारतीय आहेत. अशा दहा संस्थांत उत्पादकाने आपल्या नफ्यातून थोडे थोडे भांडवल गुंतवावे, दहा वर्षे वाट पाहावी, त्यांचे खेळ आपल्या संचांत आधी भरून द्यावेत आणि खेळांचा साठा उभा राहिल्यावरच यंत्राचा विचार करावा. नऊ संस्था बुडाल्या तरी कारखाना बुडणार नाही, एवढेच भांडवल त्यात असावे. पैसे लावून खेळण्याच्या झटपट कमाईच्या वाटेस त्याने जाऊ नये. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून ती वाट बंद केली, हे योग्यच झाले. अनेक घरे तिने उद्ध्वस्त केली होती.

शासनाचेही एक कर्तव्य आहे. चेतनपट आणि खेळ यांच्या धोरणांचे लाभ मुंबई-पुण्यातच थांबता कामा नयेत. बीड आणि अंबाजोगाई येथील शासकीय तंत्रनिकेतनांत खेळनिर्मितीचा अभ्यासक्रम सुरू करण्यास काही संगणक, एक बरा शिक्षक आणि अखंड वीज एवढेच लागते. चितेगावच्या फाटकाशी नोकरीचा अर्ज घेऊन उभा राहणारा तरुण आता तेथे उभा राहू शकत नाही. त्याच्या धाकट्या भावाला पुन्हा एखाद्या जुळणीच्या पट्ट्यावर उभे करायचे, की त्याच्या हाती स्वतःच्या मालकीचे काही निर्माण करण्याची विद्या द्यायची, याचा निर्णय कारखानदाराने आणि शासनाने मिळून करावयाचा आहे.