आलेख काढण्याआधी विचारायचा प्रश्न

पावसाळा लागला की प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत तापाच्या रुग्णांच्या याद्या लांबत जातात. नाव, वय, गाव, तारीख, तपासणीचा निकाल. पाचशे ओळी नजरेखालून घालून साथ वाढते आहे की ओसरते आहे हे कळत नाही. त्यासाठी आलेख हवा. मग एखादा उत्साही तरुण डॉक्टर टॅब्लो, पॉवर बीआय अशी नावे शोधतो आणि विचारतो, यातले फुकट कोणते?

सरकारी रुग्णालयात हा प्रश्न पडणारच. पण त्याआधी विचारायला हवे की आपण भरलेली माहिती जाते कुठे.

टॅब्लोची ‘पब्लिक’ आवृत्ती फुकट आहे आणि तिच्या नावातच सारे आले. तिच्यातून प्रसिद्ध केलेला आलेख जगात कोणालाही दिसतो. सेटिंगकडे लक्ष दिले नाही, तर त्यामागचा तक्ताही उतरवून घेता येतो. पावसाच्या किंवा जनगणनेच्या आकड्यांसाठी ती उत्तम, रुग्णांच्या यादीसाठी मुळीच नाही. पॉवर बीआयची ‘डेस्कटॉप’ आवृत्तीही विंडोजवर फुकट मिळते आणि तिची फाइल आपल्याच संगणकावर ठेवता येते. मात्र त्याच कंपनीच्या ऑनलाइन सेवेतील ‘पब्लिश टू वेब’ ही सोय वापरली, की ते काम इंटरनेटवर उघडे होते.

‘नावे काढून टाकली आहेत’ हा बचाव नेहमी ऐकू येतो. चारशे वस्तीच्या गावात ‘स्त्री, वय ३२, क्षयरोग’ एवढे लिहिले की नावाची गरज उरत नाही. तिचे लग्न, नोकरी, शेजार सगळे त्या एका ओळीवर टांगलेले असते. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. रुग्णाचे गुपित राखण्याचे डॉक्टरचे कर्तव्य त्याहून कितीतरी जुने आहे.

नवशिक्याने खरे तर एक्सेल किंवा फुकट मिळणाऱ्या लिब्रेऑफिस कॅल्कपासून सुरुवात करावी. आडव्या रेषेवर तारीख, उभ्या रेषेवर रुग्णसंख्या. तारीख ताप सुरू झाल्याची घ्यावी, नोंदणीची नव्हे. रविवारी बाह्यरुग्ण विभाग बंद असतो म्हणून सोमवारी गर्दी होते आणि नोंदणीच्या तारखेवर काढलेला आलेख दर सोमवारी साथीचा भास निर्माण करतो. दुसरी गंमत अशी की संगणकाची मांडणी अमेरिकी पद्धतीची असेल, तर ०५/०७ म्हणजे ५ जुलै हे त्याला ७ मे वाटते. ऐन पावसाळ्यातला डेंगी उन्हाळ्यात जाऊन बसतो! महागडे सॉफ्टवेअर घेऊनही ही चूक आपोआप सुधारत नाही.

हे जमले की नकाशा. लंडनमध्ये १८५४ साली कॉलरा पसरला, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी घराघरांतले मृत्यू नकाशावर मांडले आणि ते ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाभोवती दाटलेले दिसले. आज बाहेर दाखवायच्या नकाशात घरापर्यंत जाऊ नये, गाव किंवा प्रभाग पुरे. त्यासाठी क्यूजीआयएस हे मुक्त सॉफ्टवेअर चांगले; ते आपल्याच संगणकावर चालते. त्याची सर्वांत नवी आवृत्ती घेण्याचा मोह टाळून दीर्घकालीन आवृत्ती घ्यावी. तिच्यात नव्या करामती येत नाहीत, फक्त दुरुस्त्या होत राहतात. साथ भरात असताना कालपर्यंत सवयीचे असलेले बटण आज कुठे गेले, हे शोधायला कोणाला वेळ असतो?