प्लॉटाचं आरक्षण

आरक्षण म्हटलं की आमच्या खात्यातल्या एका दोस्ताचं तोंड कडू होतं. मेरिटचं काय, म्हणतो. परवा त्याला मी मुंबईच्या विकास आराखड्याचा कागद दाखवला. म्हटलं बघ, प्लॉटालापण आरक्षण असतं. हा शाळेला, हा मैदानाला, हा म्हाडाला. आणि हे आरक्षण रात्रीतून सरकतं, बारीक होतं, उठतं. त्यासाठी कुणी बस जाळली नाही. कुणी मेरिट विचारलं नाही.

मी सूतगिरणीत रिंगखात्यात आहे. नववी नापास. इंग्रजी शिकलो ते तिसऱ्या पाळीत, डिक्शनरी मांडीवर घेऊन. शेक्सपिअर वाचायला नाही, विकास नियंत्रण नियमावली वाचायला. कवितेपेक्षा अवघड लिहिलंय साल्यांनी, आणि मुद्दाम लिहिलंय.

झोन आम्हाला नवा नाही. आमच्या गावात महारवाडा उगवतीला, वारा मावळतीचा. आमच्या अंगावरून गेलेला वारा गावाला लागू नये, गावाची घाण मात्र आम्हाला लागावी. हा नकाशा कुणी छापला नाही, हरकती-सूचना मागवल्या नाहीत. तरी मोडला नाही. मुंबईत गिरणीच्या आतपण झोन होते. साचेखात्यात पगार जास्त, पण तिथं तुटलेला धागा तोंडानं ओढून धोट्यात घ्यायचा. विटाळ होईल म्हणून आमच्या माणसाला तिथं उभं करत नव्हते. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हे उघड्यावर मांडलं, तेव्हा कामगार-एकतेवाल्यांची पंचाईत झाली. माझा आजा पुढं कितीतरी वर्षांनी भरती झाला, तोही रिंगखात्यातच. आज मीपण तिथंच.

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. अडीच लाख माणूस बाहेर. आजा वाट बघून बघून गावाला परतला तो वळकटी घेऊन. संप मागे घेतल्याचं त्याला मरेपर्यंत कुणी सांगितलं नाही. कारण तो कुणी मागे घेतलाच नाही.

आता नीट ऐका, इथं खरी गोम आहे. गिरण्यांची जमीन कारखान्याच्या झोनमधली. तिथं टॉवर बांधता येत नव्हता. 1991 च्या नियमावलीत नियम 58 आला. मालका, बांध टॉवर, पण जमिनीचे वाटे कर: साधारण एक वाटा महापालिकेला मैदान-बागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक तुला. गिरणगावात सगळ्या मिळून सहाशे एकराच्या आसपास जमीन. कागदावर तरी दोन वाटे लोकांचे होते.

2001 ला सरकारनं नियम दुरुस्त केला. दुरुस्त! म्हणे वाटे फक्त मोकळ्या जमिनीचे करायचे. गिरणीत मोकळं काय असतं? इमारतीला इमारत चिकटलेली, मधे चिमणी, कोपऱ्यात भोंगा. शेड पाडून सपाट केली तरी त्याखालची जमीन मोकळी धरायची नाही. डोळ्याला मैदान दिसतंय, कागदावर गिरणी उभी. आमची भाकर एका शब्दात गेली. ऑक्टोबर 2005 ला उच्च न्यायालयानं लोकांच्या बाजूनं निकाल दिला, 7 मार्च 2006 ला सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला. त्याच 2005 साली सरकारी मालकीच्या पाच गिरण्यांच्या जमिनी सुमारे दोन हजार कोटींना विकल्या. आता 2034 पर्यंतची नियमावली आहे, 2018 ची. 58 चा नंबर 35 झाला. शब्दाची मेख तशीच.

आणि आपले पुढारी? इंदू मिलच्या साडेबारा एकरांवर स्मारक पाहिजे म्हणून 6 डिसेंबर 2011 ला पोरं आत घुसली. बरोबर केलं. ते स्मारक मलापण पाहिजे. पण बघा, मनात आणलं तर गिरणीच्या जमिनीचं आरक्षण बदलता येतं, सरकारला तेव्हा शब्द आडवे आले नाहीत. मग बाकीच्या गिरण्यांच्या वेळी आपली निळी टोपी कुठं होती? पुतळ्याच्या उंचीचे फूट मोजणाऱ्यांनी म्हाडाच्या वाट्याची फुटं मोजली का? बाबासाहेब परळच्या चाळीत एवढीशी खोली घेऊन राहिलेला माणूस. त्यांना खोलीचं माप तुमच्यापेक्षा जास्त कळत होतं.

दीड लाखाच्या वर कामगार आणि वारस घराचे अर्ज करून बसलेत. माझा बाप त्यातला एक. आता सांगतात, शेलू-वांगणीला घ्या. बदलापूरच्या पुढं, नेरळच्या अलीकडं. 2024 च्या शासन निर्णयात तर कलम होतं की नाकारलं तर हक्क गेला. जुलै 2025 ला म्हातारी माणसं पावसात आझाद मैदानावर बसली तेव्हा ते कलम काढतो म्हणाले. म्हणजे परत तेच, वेशीबाहेर. फक्त आता वारा बघत नाहीत, लोकलचं टाइमटेबल बघतात.

बाप मला विचारतो, वांगणी घेऊ का? आहे ते तरी पदरात पडेल. मी त्याला नाही म्हणायला सांगितलं, आणि रात्रभर साच्यावर झोप उडाल्यासारखा उभा होतो. बापाचं वय साठीकडं चाललंय. माझ्या नाहीची किंमत तो भरणार. अर्ज अजून ट्रंकेत आहे, आज्याच्या गेटपासाखाली. रविवारी मी तीच नियमावली घेऊन चाळीच्या पटांगणात बसणार आहे, नियम 35 मोठ्यानं वाचणार आहे. ज्याचा अर्ज आहे त्यानं आपला कागद घेऊन यावं. डिक्शनरी मी आणतो.