भेंडीवरचा हळद्या

भाताची कापणी आटोपली की शहापूर, मुरबाड तालुक्यांत विहिरी-कालव्याच्या पाण्यावर भेंडी उभी राहते. त्यातला काही माल परदेशातही जातो. तिथे तो हिरवा, कोवळा, सरळ आणि एकसारखा लागतो. हळद्या रोग नेमका याच गुणांवर घाला घालतो. पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, मग अख्खे पान. फळ फिकट, आखूड, राठ निघते. रोप लहान असताना लागण झाली तर पीक जवळजवळ हातचे जाते, आणि जे मिळते ते प्रतवारीत मागे पडते.

मुंबई इलाख्यात या रोगाची नोंद 1924 मध्येच झाली होती. त्याचा विषाणू पांढरी माशी पसरवते. लागण झालेल्या झाडावर औषध नाही, म्हणून शेतकरी माशीवर फवारणी करतो. पण कीटकनाशकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाले की युरोपात माल नाकारला जातो. रोग आणि उपाय, दोन्हीकडून नुकसान त्याचेच.

परभणीच्या कृषी विद्यापीठाने रानभेंडीच्या संकरातून हळद्याला तोंड देणारा ‘परभणी क्रांती’ वाण दिला. मोठेच काम ते. मात्र विषाणू बदलतो, वाणांची सहनशक्ती ओसरते. ‘पुसा सावनी’ या वाणाचे तेच झाले. म्हणून आज विकल्या जाणाऱ्या वाणांची चाचणी दापोलीच्या विद्यापीठाने याच दोन तालुक्यांतील शेतांवर दर हंगामात घ्यावी आणि निकाल पेरणीपूर्वी गावोगाव लावावेत. बांधावरचे तण काढणे, रोगट रोपे पहिल्याच आठवड्यांत उपटणे, पिवळे चिकट सापळे लावणे ही कामे गावाने एकाच वेळी करायला हवीत. कृषी सहायकांनी त्यासाठी डिसेंबरातच शेतावर पोहोचावे.