जुने शब्द, नवी चाल

ओळखीच्या अभंगाची नवी चाल कानावर पडली, की कोणीतरी हमखास म्हणतो, “छान आहे हो, पण जुनी ती जुनीच!” वाचकहो, हा वाद केवळ आपल्या घरचा नाही. दूर जर्मनीतल्या ख्रिस्ती भक्तिगीतांपुढेही पाचशे वर्षे तोच प्रश्न उभा आहे.

मार्टिन ल्यूथर (१४८३–१५४६) हा धर्मसुधारक गीतकारही होता. उपासनेत गायकवृंदाने लॅटिन गाणी म्हणावीत आणि लोकांनी नुसती ऐकावीत, हे त्याला रुचेना. त्याने लोकांच्या भाषेत गीते लिहिली. आपल्या संतांनी केले तेच. १५२४ साली आठ गीतांचे एक लहानसे पुस्तक निघाले. त्यात चाली मात्र आठांहून कमी! हे कसे जमले? छंदामुळे. ल्यूथरच्या कित्येक गीतांत सात ओळी आणि त्यांतली अक्षरे ८-७-८-७-८-८-७ अशी. आपल्या मोठ्या अभंगात ती ६-६-६-४. माप ठरलेले, म्हणून एक चाल अनेक गीतांना बसते आणि एका गीताला अनेक चाली लागतात.

गंमत अशी, की त्याच १५२४ साली योहान वाल्टरने ल्यूथरच्या गीतांचे दुसरे पुस्तक काढले, ते गायकवृंदासाठी. त्यात निरनिराळ्या पट्टीचे आवाज एकाच वेळी वेगवेगळे सूर गातात आणि मिळून एक गाणे होते. पुढे १८३० साली मेंडेल्सोनने ल्यूथरच्या एका गीताला आठ आवाजांसाठी नवे संगीत दिले, तेही वाद्यांवाचून. साथीला वाद्य नसले, की शब्दाला लपायला जागा उरत नाही. जात्यावरची ओवी ऐकलेल्यांना हे सांगायला नको.

आपल्याकडे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) उलट्या बाजूने हेच केले. विलायती चालींवर ओढूनताणून बसवलेल्या मराठी गीतांऐवजी त्यांनी ख्रिस्तभक्ती अभंग-ओवीत आणली. ‘उपासना संगीता’त त्यांची गीते आजही आहेत. श्रीनिवास खळ्यांनी तुकोबांना नव्या चाली दिल्या, लताबाईंनी त्या गायिल्या, आणि सवयीने गुळगुळीत झालेले शब्द आपल्याला पुन्हा ऐकू आले.

तेव्हा नव्या चालीशी माझे भांडण नाही. काळजी आहे ती वेगळीच. कमावलेल्या गळ्याची चाल आपण ऐकतो; ती आपल्याला झेपत नाही, म्हणून म्हणणेच सोडतो. वर्गात मी अभंग म्हणायला सांगितला, की मुले मोबाईल पुढे करतात. गाणे तयार असते, गळा तयार नसतो! आमच्याच बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावहून गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला निघते, तेव्हा दिंडीत श्रोता म्हणून कोणी नसतो, सारेच गाणारे.

ल्यूथरच्या काळी एकाच वर्षी दोन पुस्तके निघाली, एक सर्वांनी गाण्याचे आणि एक तयारीच्या गायकांचे. आपल्यालाही दोन्ही हवीत. पहिले मिटले, तर दुसरे ऐकणाऱ्यांना त्यातले शब्द कळायचे कसे?

यंदा लक्ष्मीपूजन आटोपल्यावर घरातल्या सर्वांनी मिळून एक अभंग म्हणावा. पेटी नको, तबला नको. आजीची चाल एक आणि नातवाची दुसरी निघाली, तरी बिघडत नाही. शब्द तेवढे सर्वांना यायला हवेत.